हाताची टोपडी

मार्गशीर्षातल्या एका सोमवारी मी पानमळ्याचा चर बुजवला आणि त्यावरून कापसाच्या गाड्या नेल्या.

हे आधीच सांगून टाकतो, कारण मी म्हातारा माणूस, सांगता सांगता भलतीकडे जातो, आणि हे एक सोडून बाकी सगळं सांगायचं, असंच आयुष्यभर करत आलो. तुम्ही समाचाराला आलात, बसलात, तर लिहून घ्या. माझं बोलणं तुम्हाला पुस्तकी वाटेल. तीस वर्षं सरकारी शाळेत पोरांना वाचायला शिकवलं, त्यात जीभ घरची राहिली नाही. गिरजाची मात्र शेवटपर्यंत वऱ्हाडीच होती. तिचं बोलणं मी तिच्याच शब्दांत सांगणार आहे, त्यात शुद्ध काही करणार नाही. तिच्या बाबतीत शुद्ध करण्याचा प्रकार एकदा होऊन गेला आहे.

आमचं मूळ अंजनगाव सुर्जीचं. गावाच्या खालच्या अंगाला, विहिरीजवळ, आमचा पानमळा होता. तुम्ही पानमळा पाहिला नसेल. शेवरीची झाडं दाटीनं लावायची आणि त्यांवर नागवेल चढवायची, वरून सावली, खालून ओल, भर उन्हाळ्यातसुद्धा आत गेलं की अंगावर काटा यावा असा गारवा. पाणी रोज द्यायचं, पण थांबू द्यायचं नाही. वेलीला पाणी लागतं आणि पाण्यात उभं राहणं सोसत नाही, बुडाशी पाणी साचलं की ती चार दिवसांत काळी पडते. म्हणून मळ्याच्या खालच्या कडेला चर असतो, वरचं पाणी त्यातून नाल्याला जातं. माझे वडील म्हणायचे, मळा म्हणजे काय, तर चर. बाकी सारं वेल करते.

वडील लवकर गेले. मळा मायनं चालवला, आणि मी पंतोजीकडे बसून पोथ्या वाचायला शिकलो. मळ्याचे नेम कडक होते. आंघोळीशिवाय आत जायचं नाही. बायकांनी त्यांच्या चार दिवसांत कुंपणाला हातसुद्धा लावायचा नाही. आणि चामडं आत न्यायचं नाही, जोडे बाहेर, चाबूक बाहेर, कोणाच्या कमरेला चामड्याचा पट्टा असला तर तो बाहेर. हे नेम कोणी शिकवत नसे. जसं चालायला शिकलो तसेच हे नेम शिकलो.

गिरजा लग्न होऊन आली ती कोरडवाहू घरातून. तिच्या माहेरी पाणी प्यायलाच पुरायचं नाही, आणि इथं दिवसभर हात पाण्यात. पानं खुडायची ती पहाटे, दहिवरात. अंगठ्याला लोखंडी नखी चढवायची, देठ नखीवर घ्यायचा आणि दाबायचा. मग वेली बांधायच्या, ओल्या लव्हाळ्यानं, मग वाफ्यात खताची ढेप कालवायची, तीही हातानं. कार्तिक लागला की हात उलायचे. पहिल्या वर्षी भेगा पडल्या, दुसऱ्या वर्षी नखांच्या कडेनं नखुरडी झाली, पू धरला, भाकरी थापायला बसली की पिठात रक्ताचं बोट उमटायचं आणि माय ती भाकरी उचलून गाईपुढे टाकायची. माय म्हणायची, अवं, आमचेही हात होतेच ना, आमी काय लाकडाचे हात घेऊन आलो होतो? गिरजा म्हणायची, मी कुठं काय म्हनलं, आत्याबाई? आणि खरंच ती काही म्हणाली नव्हती. झोपताना फक्त दोन्ही हात काखेत घालून झोपायची, पाखरासारखी.

ती बोलायची मात्र फार. तिची जीभ अशी, की समोरच्याला आधी हसू यायचं आणि घरी गेल्यावर राग यायचा. मला ती आवडायची. हे मी कधी तिला सांगितलं नाही. तेव्हा असं सांगत नसत, आणि पुढे ते सांगायची माझी लायकी राहिली नाही.

मग कापसाचे दिवस आले. अमेरिका नावाच्या मुलखात लढाई पेटली होती आणि तिथला कापूस विलायतेला जात नव्हता, हे मला पुढे मास्तर झाल्यावर पुस्तकातून कळलं. तेव्हा एवढंच दिसत होतं, की आपल्या वऱ्हाडाच्या कापसाला भाव चढतोय आणि चढतच चाललाय. लोकांनी बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या घातल्या. ज्वारीची रानं मोडून कापूस पेरला. बडनेऱ्याला आगगाडी येणार म्हणून लोक नुसते सडक बघायला जाऊन यायचे. मळ्यात कामाला बाई मिळेना, सगळ्या वेचणीला. म्हणून जे काम पाचजणी करायच्या ते गिरजा आणि माय दोघी करू लागल्या. माझं रान मळ्याच्या पलीकडे होतं, त्याला लागूनच माझ्या चुलत्याचं, पुंजाजी काकांचं. आम्ही दोघांनीही सगळ्या रानात कापूस घातला होता.

पहिल्या गाड्या घेऊन मी अमरावतीला गेलो, तेव्हा एका कापूसवाल्या साहेबाच्या बंगल्यापाशी गाड्या थांबल्या होत्या. कुंपणाच्या आत त्याची मडम गुलाबाची झाडं छाटत होती. तिच्या हातांवर हात घातले होते. मला दुसरा शब्द सुचला नाही, कोपरापर्यंत चामड्याचे पिवळे हात, त्यांना बोटं. ती काटेरी फांदी मुठीत धरायची आणि तिला काही होत नव्हतं. मी बंगल्याच्या माळ्याला विचारलं, हे काय? तो म्हणाला, हातमोजे. मी म्हटलं, अन् तुमाले नाई का देत? तो हसला, म्हणाला, मले दिले तं मंग कळन कसं, माळी कोन अन् मालकीन कोन?

परतीच्या वाटेवर तीन दिवस माझ्या डोळ्यांपुढे ते हात होते. चामडं तर चालणार नव्हतं. मी पोथ्या वाचणारा माणूस, विचार करायला बसलो की सुटत नाही. आत ऊब पाहिजे, बाहेर पाणी शिरता कामा नये, आणि नखी चढवायला अंगठा मोकळा पाहिजे. गावात आल्यावर मी करीमचाचा पिंजाऱ्याकडे गेलो. त्यांना जमिनीवर बोटानं आकृती काढून दाखवली. ते म्हणाले, भाऊ, मी गाद्या भरतो, रजया भरतो, हाताची रजई मी आजलोक भरली नाई. मग स्वतःच म्हणाले, पन भरून पाहू.

असं केलं त्यांनी. आतून गिरजाच्याच जुन्या लुगड्याचं मऊ फडकं, मध्ये आमच्याच रानातला कापूस, पिंजून पिंजून धुक्यासारखा केलेला, आणि बाहेरून जाड खादी. मेळघाटातून खाली उतरणारे लोक बाजाराला मेण आणायचे, ते वितळवून खादीवर तीनदा चढवलं. अंगठा आणि त्याजवळचं बोट शेंड्याला उघडं. मनगटाला नाडी, आवळली की दहिवर आत ओघळू नये. करीमचाचांनी स्वतः ते हातात घालून बादलीत हात बुडवले, काढले, आणि आत बोट घालून बघितलं. कोरडं. म्हातारा पोरासारखा हसला.

गिरजानं ते घातले आणि दोन्ही हात गालांना लावले. मग म्हणाली, अवो, माया हाताले कोनी पांघरून घातलं असं वाटून राह्यलं.

दुसऱ्या दिवशी विहिरीवर पोरींनी तिला बघितलं. गिरजा वयनी, हाताले टोपडं घातलं काय व? लेकराच्या टोपड्यासारखं दिसते! ती म्हणाली, हो व, दहा लेकरं हायेत मायी, तुयं एक तरी हाय का? तेव्हापासून गावात नावच पडलं, हाताची टोपडी. पंधरा दिवसांत नखुरडी सुकली. भेगा मिटायला लागल्या. पिठात रक्त उमटेना. माय कुरकुरत होती, मळ्याले हात बोडका लागते, वेलीले हाताची ऊब कळते, पण कुरकुरण्यापलीकडे काही म्हणाली नाही. पुंजाजी काकांची सून तर एकदा हळूच येऊन टोपडी उलटीपालटी करून बघून गेली, शिवण कशी घातली ते विचारून गेली. हे लक्षात ठेवा. गावात कोणाला ते ठाऊक नव्हतं असं नाही. सगळ्यांनी बघितलं होतं, सगळे हसले होते.

आता चराचं सांगतो.

रानातून सडकेला जायची वाट मळ्याला वळसा घालून होती. वळशात नाला लागायचा, तिथं भरलेली गाडी हमखास रुतायची. अमरावतीहून रोज नवा भाव येत होता आणि जो आधी पोचेल तो जिंकला असं सगळ्यांना वाटत होतं. तर मार्गशीर्षातल्या त्या सोमवारी मी फावडं घेतलं आणि दोन गाड्या सरळ जातील एवढ्या रुंदीचा चर मातीनं भरून चोपून टाकला. गिरजा खुडत होती. ती बाहेर आली, हातात टोपडी, आणि म्हणाली, हे काय करून राहिले तुमी? मी म्हटलं, महिनाभराची गोष्ट हाय, कापूस संपला की मोकळा करतो. ती म्हणाली, पानी कुठून जाईन? मी म्हटलं, पानी कमी देऊ. ती म्हणाली, अन् आभाळातून आलं तं? मी म्हटलं, पौषात कुठं पानी येते? ती माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, मामाजी असते तं तुमाले याच मातीत गाडलं असतं. आणि परत आत गेली.

माझ्या गाड्या गेल्या, त्यांच्या मागून पुंजाजी काकांच्या गेल्या. मग ज्यांचं रान पलीकडे होतं त्या सगळ्यांच्या जाऊ लागल्या. काकांनी माझ्या पाठीवर थाप मारली, म्हणाले, सदा, शिकला तं काई कामी पडलं म्हना.

पौषात पाऊस आला. दोन दिवस, दोन रात्री. मळ्यात घोट्याएवढं पाणी साचलं. मी फावडं घेऊन गेलो होतो, खोटं नाही सांगत, पण चरावर तीन गाड्या उभ्या होत्या, पावसात भिजू नये म्हणून ताडपत्री बांधून, आणि काका म्हणाले, थांब जराक, या जाऊ दे. त्या गेल्या तर दुसऱ्या आल्या. मी थांबलो.

आठवड्यात वेली काळ्या पडल्या. बुडापासून. हात लावला की देठ चिखलासारखा सुटून यायचा, आणि वास, अंजनगावात ज्यांचे मळे होते त्या सगळ्यांना माहीत असलेला वास. शेजारीच पुंजाजी काकांचाही पानमळा होता, आमच्या मळ्याचं पाणी उतारानं त्यात शिरलं होतं, तिथल्याही वेली गेल्या. दोन पिढ्यांच्या वेली. माय मळ्याच्या तोंडाशी बसून ऊर बडवून घेत होती.

असं झालं की कारण लागतं. आता बघा, पाणी साचलं की वेल मरते हे आमच्यातल्या शेंबड्या पोरालाही कळतं. चर बुजलेला सगळ्यांना दिसत होता. पण सगळ्यांच्या गाड्या त्यावरून जात होत्या, अर्धा कापूस अजून घरात होता, आणि चर म्हटलं की चर उकरावा लागला असता. म्हणून चराकडे कोणी बघितलं नाही. मग लोकांनी मळ्यात या वर्षी नवीन काय आलं ते शोधलं, आणि ते गिरजाच्या हातांवर होतं.

मारुतीच्या पारावर पंच बसले. पुंजाजी काका मुख्य. पुरुष एका बाजूला, बायका भिंतीला. टोपडी मधोमध ठेवली होती. काकांनी विचारलं, याच्यात चामडं हाय? मी म्हटलं, नाही. करीमचाचांना बोलावलं. त्यांनी सगळं खरं सांगितलं, लुगडं, कापूस, खादी, मेण. काका म्हणाले, कापूस कायनं पिंजला? कमानीनं. कमानीले दोरी कायची? चाचांना वाटलं, धंद्याची माहिती विचारतायत. ते म्हणाले, तात हाय, मालक, बकऱ्याच्या आतड्याची, दुसरी दोरी टिकत नाई. पारावर एकदम कुजबुज झाली. चाचांच्या चेहऱ्यावरून मला दिसलं की आपण काय बोललो ते त्यांना आत्ता कळलं. ते म्हणाले, पन मालक, तुमच्या घरच्या साऱ्या गाद्या याच तातीनं पिंजल्या. काका म्हणाले, गादीवर आमी झोपतो. गादी मळ्यात नेत नाई.

तेव्हा गिरजा भिंतीपासून बोलली. पदर पुढे ओढलेला, पण आवाज स्वच्छ. काकाजी, तुमच्या विहिरीवरची मोट कायची हाय? बैलाच्या कातड्याचीच ना? मळा दिवसभर तेच पानी पेते.

कोणी तरी फस्सकन हसलं. काका म्हणाले, मोटीचं पानी पाटाच्या मातीतून वाहाते. मातीतून वाहिलं का शुद्ध होते. गिरजा म्हणाली, मंग माये हातही मातीतच होते, काकाजी. दिवसभर.

आता बरेचजण हसले, आणि त्या हसण्यानं तिचा घात केला. काकांचा चेहरा मी बघितला. त्याआधी फार तर मारुतीला तेल आणि गावाला जेवण एवढ्यावर निभावलं असतं असं मला वाटतं. काका माझ्याकडे वळून म्हणाले, सदा, तुये वडील नाईत, मळा तुया नावचा. तूच सांग. वेली कायनं मेल्या?

काय सांगू तुम्हाला. एवढं सरळ मला कोणी कधी विचारलं नव्हतं. गिरजानं पदर मागं सारला आणि माझ्याकडे बघितलं. करीमचाचांनी बघितलं. घरी कापसाचा ढीग छताला लागला होता. मी म्हटलं, मले काय ठाऊक, काकाजी. पंच म्हनतीन ते.

पंच म्हणाले ते असं. मळ्यात अकरा ओळी होत्या. अकरा सकाळी, दिवस उगवायच्या आत, गिरजानं बोडक्या हातांनी एकेक ओळ उपटायची, मेलेली वेल एकटीनं नाल्यावर नेऊन टाकायची. आणि त्याआधी रोज हात शुद्ध करायचे, गोमूत्रानं धुवायचे आणि कळीचा चुना लावून वाळू द्यायचे. पानाचं गाव, चुन्याला काय तोटा. आणि काका म्हणाले, ज्यानं हात झाकले त्यानंच उघडावे. चुना सदा लावन.

टोपडी तिथंच जाळली. मेण होतं म्हणून भडकन पेटली. चामडं जळतं त्याचा वास सगळ्यांना ओळखू येतो, आतडं जळतं त्याचाही येतो. पारावर कापूस जळल्याचा वास आला. सगळ्यांना आला.

पहिल्या सकाळी मी मडक्यात चुना विरवला. थंडी इतकी की विहिरीवर वाफ निघत होती. ताजा विरवलेला चुना गरम असतो. गिरजानं हात पुढे केले, भेगा नुकत्या मिटल्या होत्या, कातडी पोरीच्या गालासारखी नवी होती, टोपड्यांनी आणलेली. मी लावला. ती म्हणाली, अवो, गरम हाय. बरं वाटते. एक क्षण मला वाटलं, खरंच बरं वाटतंय. मग तिचे दात वाजायला लागले, आणि ते थंडीनं नव्हतं. काका आणि आणखी दोघे कुंपणाबाहेर उभे होते. त्यांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात ती म्हणाली, आज सांगता?

मी म्हटलं, उद्या.

दुसऱ्या सकाळी तिनं नुसतं म्हटलं, आज? मी म्हटलं, दोन दिवस थांब, गाड्या जाऊ दे. तिसऱ्या सकाळी म्हणाली, आज? मी चुना लावला. चौथ्या सकाळी तिनं विचारलं नाही. त्यानंतर तिनं मला ते कधीच विचारलं नाही.

मी स्वतःशी हिशेब मांडत होतो, तेव्हा तो हिशेब मला शहाणपणाचा वाटत होता. मी सांगितलं तर मळा बुडवणारा मी ठरणार, काकांच्या वेलींचं पाप माझ्यावर, पंगतीतून मी उठणार. चर उकरावा लागणार. आणि हात काय, हात दहा दिवसांत भरून येतात. असा मी शिकलेला माणूस. तुमच्या या कागदावर ते जसंच्या तसं घाला.

सहाव्या दिवशी तळव्याची कातडी निघाली. आठव्या दिवशी बोटं मिटेनात, तेव्हा ती कोपरात वेल धरून अंगाच्या झोल्यानं उपटायची, आणि जी निघत नसे ती दातांनी. चरावरून गाड्या चालल्या होत्या, बैलांच्या घंटा ऐकू यायच्या, गाडीवाले मान दुसरीकडे करून जायचे. दहाव्या दिवशी विहिरीच्या काठावर पानाखाली झाकलेला लोण्याचा गोळा सापडला. काकांच्या सुनेनं ठेवला होता, दुसऱ्या कोणाकडे त्या दिवसांत म्हैस व्यालेली नव्हती. मायनं तो उचलून कुत्र्याला घातला. म्हणाली, शुद्धीत लोनी चालत नाई.

अकरावी ओळ संपली. काका म्हणाले, झालं, हात शुद्ध झाले.

माघात उजव्या हाताची दोन बोटं काळी पडली, वेलीसारखीच, बुडापासून. वैदूनं ती काढली. उरलेली आत वळून राहिली. डावा हात थोडा उघडायचा, त्यात लोटा मावायचा. पुढच्या मृगात मळ्याच्या जागी मी कापूस पेरला. वर्ष-दोन वर्षांत भाव पडला, तिकडची लढाई संपली होती. शिंगांवरच्या शेंब्या उतरल्या. पुंजाजी काकांनी मळा पुन्हा लावला, आणि त्याआधी, आवाज न करता, चार माणसं लावून आपल्या बाजूचा चर खोल करून घेतला. करीमचाचा त्याच साली अकोल्याला लेकाकडे निघून गेले. जाताना मला भेटले नाहीत. गिरजाला भेटले. तिच्या दोन्ही हातांवर आपला हात फिरवला आणि म्हणाले, बेटी, मी खोटं बोललो असतो तं बरं होतं. ती म्हणाली, चाचा, खोटं बोलनारे तिथं लय होते. तुमची गरज नोहती.

गावात सरकारी शाळा निघाली तेव्हा मी मास्तर झालो. भाकरी थापायला शिकलो. तिचे केस मी विंचरायचो, लुगड्याच्या निऱ्या मी घालून द्यायचो, घास मी भरवायचो, चाळीस वर्षं. पोरबाळ झालं नाही, लोक म्हणाले, मळ्याचा कोप. माय तेच म्हणत गेली. आणि मला लोक देवमाणूस म्हणू लागले. बायका आपल्या नवऱ्यांना सांगायच्या, मास्तरकडे पाह्य, लुळ्या बायकोची कशी सेवा करते. हे गिरजासमोर बोलायचे. ती ऐकायची. एकदा अशीच एक बाई बोलून गेली, मी भाकरीचा तुकडा कुस्करत होतो, तेव्हा गिरजा म्हणाली, तुमाले माये हात लय कामी पडले. आणि तोंड उघडून घासाची वाट बघत राहिली. मी घास भरवला.

तिला मी कधी म्हटलं नाही की माझी चूक झाली. ते तिला ठाऊक होतं. जे तिला ठाऊक होतं ते तिला सांगून काय होणार होतं? सांगायचं होतं ते दुसऱ्यांना.

या पौषात ती गेली. तीन दिवस ताप होता. शेवटच्या दिवशी थंडी वाजते म्हणाली, मी तिचे हात माझ्या काखेत घेऊन बसलो होतो, तसेच ते गार झाले. बायकांनी आंघोळ घातली, आणि हात जोडायला गेल्या तर बोटं जुळेनात. एकीनं जोर लावला. मी म्हटलं, राहू द्या.

तेराव्याला सगळं गाव जेवायला होतं. पानं वाढली होती. मी उभा राहिलो. मी सांगितलं. चर मी बुजवला होता. वेली पाण्यानं मेल्या. तिच्या टोपड्यात चामडं नव्हतं, ते मलाही ठाऊक होतं आणि पारावर बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. चुना मी लावला. चाळीस वर्षं पोटात ठेवलेलं, एवढ्याच शब्दांत संपलं. मी वाट बघत उभा राहिलो.

पंगतीत बहुतेक तरणे. पुंजाजी काका जाऊन वीस वर्षं झाली, माय गेली, पंचांतलं कोणी उरलं नाही. एकानं शेजाऱ्याला विचारलं, कोनता चर? दुसरा म्हणाला, म्हातारा हाय, बायको गेली, बोलू दे. काकांची सून तेवढी होती, डोळ्यांनी अधू, कोपऱ्यात. तिनं मान वर केली नाही. मग काकांचा नातू, चांगला पोरगा आहे, माझ्याच शाळेत शिकलेला, उठला, माझा दंड धरून मला पाटावर बसवलं आणि म्हणाला, मास्तर, जेवून घ्या, भात थंडा होऊन राह्यला.

मी जेवलो.

दुसऱ्या दिवसापासून मी चर उकरायला घेतला. चाळीस वर्षांची वाट ती, चाकांनी दगडासारखी झालेली. फावड्यानं हाताला फोड आले, फुटले, आता भेगा आहेत, हे बघा. काही लावत नाही. तुम्ही सुखी राहा, तुमच्या घरचे हात नीट राहोत, एवढंच म्हणतो.

मळ्याच्या जागी आता तूर आहे. चर नाल्यापर्यंत मोकळा झाला आहे. मी भाकरी एक थापतो.